हनुमय्याच्या जटक्यावरचा दफेदार

आप्पाजी दफेदारांच्या हाताखालून गेलेला माणूस ओरडत नसे, असं बंगळुराच्या हलसुरात म्हणत. मार खाऊन बोंब मारणारे पुष्कळ असतात. यांच्यापुढचा माणूस डोळे मिटून, ओठ आवळून बसे आणि शेवटी जे विचाराल त्याला हो म्हणे. ठाण्यात या गोष्टीचं मोठं कौतुक होतं. कुठल्या प्रकरणात कबुली निघत नसली की साहेब म्हणत, आप्पाजीरावांना बोलवा.

हे आप्पाजी दफेदार म्हणजे माझ्या कावेरीमावशीचे यजमान, माझे काका. आमची घरं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलेली, असं सगळेच सांगतात. कुणी तपासून पाहिलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या घोडा आणि तलवार, पुढे म्हैसूरच्या महाराजांची चाकरी. काकाही तरुणपणी घोडदळात होते आणि तिथून पोलिसात आले. इतर मुलखात ज्याला हवालदार म्हणतात, त्याला म्हैसूर संस्थानात दफेदार म्हणत. उंच, रुंद, मिशा वळवलेल्या. घरात मात्र आवाज नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आम्ही भाचरं गेलो की चिक्कीचा पुडा हातात ठेवायचे आणि गप्प बसून आमची बडबड ऐकायचे. मावशी त्यांचा खाकी सदरा धुवायची. बाहीवर कधी डाग दिसे. ती विचारत नसे. तिनं मला नंतर सांगितलं, "विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. म्हणूनच विचारलं नाही."

छप्पन साली काकांना इस्पितळात पहाऱ्याची ड्यूटी लागली. चिक्कण्णा नावाचा एक घरफोड्या कंटोन्मेंटातल्या एका घराची कौलं काढून आत उतरला होता. घरातली म्हातारी बाई जागी झाली. त्यानं तिला ढकललं, तिचं मनगट मोडलं. पळताना तोच छपरावरून कोसळला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. त्याच्या पायाला वजनं लावून त्याला सरकारी इस्पितळात निजवलं होतं आणि दाराशी काका स्टुलावर बसलेले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी एक बाई डबा घेऊन आली. पांढरं पातळ, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. काकांनी डबा उघडून पाहिला. मऊ भात, सार, भाजी.

"कोण तुम्ही याच्या?"

"मी सगुणाबाई," ती म्हणाली. "याच्या कुणी नाही. याच्याच ढकलण्यानं माझा हात मोडला."

काका म्हणत, आपण चुकीचं ऐकलं असं त्यांना वाटलं. त्यातून बाई मराठी बोलत होती, तेही आमच्यासारखं नाही, नगरकडचं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि आत गेली. चिक्कण्णानं तिला ओळखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ती स्टूल ओढून बसली, डाव्या हातानं भात कालवला आणि चमचा त्याच्या तोंडाशी धरून बसून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड उघडलं.

सगुणाबाईंचे यजमान तारखात्यात होते. त्यांच्या बदलीमुळे त्या नगरहून बंगळुरात आलेल्या. ते वारल्यावर त्या इथेच राहिल्या आणि मिशनच्या शाळेत शिकवू लागल्या. ख्रिस्ती होत्या. हे सगळं काकांनी चौकशी करून काढलं, कारण पोलिसाला दिसलेली गोष्ट समजली नाही की तो चौकशीच करतो. त्यांची पक्की खात्री होती की यात काहीतरी डाव आहे. एक दिवस त्यांनी तिला दारातच अडवलं.

"अक्का, खरं सांगा. कशाला येता? काय पाहिजे तुम्हाला याच्याकडून?"

"मला याची भीती वाटते, दफेदार," सगुणाबाई म्हणाल्या. "घरी बसले की कौलं वाजल्यासारखी वाटतात. इथं आलं की नुसता एक पोरगा दिसतो, पाय बांधलेला. आणि माझ्या प्रभूनं सांगून ठेवलंय, वैऱ्याला भूक लागली तर त्याला वाढ. मला आवडतं म्हणून करत नाही मी."

असं आठवडाभर चाललं. मग एका दुपारी जेवण झाल्यावर चमचा सापडेना. काकांनी सरळ चिक्कण्णाच्या उशीखाली हात घातला आणि चमचा काढला. जर्मन सिल्व्हरचा, बाईंच्या घरचा. तिच्याच हातानं जेवून त्यानं तिचाच चमचा चोरला होता. काकांनी हात उगारला. चिक्कण्णानं डोळे मिटले, ओठ आवळले. तोंडातून आवाज नाही.

"मारू नका," सगुणाबाई म्हणाल्या. "मी दुसरा आणीन." मग त्यांनी त्या पोराच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. "दफेदार, हा ओरडत का नाही? मार खायची एवढी सवय याला कुणी लावली?"

काकांचा हात वरच राहिला. मावशीला सांगताना त्यांनी तो तसा वर करून दाखवला होता. म्हणाले, "खाली घ्यायचं सुचेना. हात माझा आहे असंच वाटेना."

त्यानंतर त्यांचं खाणं कमी झालं. मावशीला वाटलं कावीळ झाली. मग कळलं की ड्यूटी संपली की ते सगुणाबाईंच्या घरी जातात. ती बाई त्यांना मराठीतून येशूचं चरित्र वाचून दाखवते. आमच्या घरांत मराठी नुसती बोलायची भाषा, वाचायचं ते सगळं कन्नड. तेव्हा काका ओट्यावर शाळकरी मुलासारखे बसून ऐकत. आमच्या समाजात कुजबुज सुरू झाली. दामूमामा, म्हणजे मावशीचे थोरले भाऊ दामोदरराव, येऊन सांगून गेले की भावोजींवर नजर ठेव.

अवरेकाळूचे, म्हणजे वालाच्या शेंगांचे, दिवस होते. मावशी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. काका येऊन समोर पाटावर बसले. त्यांनीही चार शेंगा उचलल्या, आणि मग म्हणाले, "कावेरी, हनुमय्या चोर नव्हता."

हनुमय्या म्हणजे हलसुराच्या जटका स्टँडवरचा, म्हणजे टांग्यांच्या अड्ड्यावरचा, एक गाडीवाला. दोन वर्षांपूर्वी एका बड्या घरातले दागिने चोरल्याबद्दल त्याला पाच वर्षांची सजा झाली होती. काकांनीच त्याला धरलं होतं आणि दागिने त्याच्या तबेल्यातल्या गवतात सापडले होते.

"गवतात मी ठेवले," काका म्हणाले. "एका सोनाराकडे माल मिळाला होता, खरा चोर मिळत नव्हता. वरून घाई होती. हनुमय्या आदल्या दिवशी त्या घरी सवारी घेऊन गेला होता, एवढंच. कबूल होईना म्हणून मी त्याची बोटं रुळानं मोडली. मग झाला कबूल."

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती मला म्हणाली, "मला रडू आलं नाही, राग आला नाही. फक्त ऐकू येईनासं झालं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते."

मग तिला ऐकू आलं ते हे: "सगुणाअक्काला सांगितलं मी सगळं. वाटलं होतं, म्हणेल देवाची क्षमा माग. ती म्हणाली, देवाकडे जाशील, पण वाटेत हनुमय्या बसलाय तुरुंगात. त्याला ओलांडून कसा जाशील? मी कोर्टात जाऊन सांगणार आहे."

"तुम्हाला आत टाकतील," मावशी म्हणाली.

"होय."

"आणि मी?"

काका तिथेच बसून शेंगा सोलत राहिले, सगळी टोपली संपेपर्यंत.

हयवदनराव म्हणून एक वकील होते, जुन्या चालीचे, कपाळाला गोपीचंदन लावणारे. काका त्यांच्याकडे गेले. हयवदनरावांनी आधी दार लावून घेतलं, मग समजूत घातली. "असं कुणी करत नाही हो. तुमच्यावर कुणी आरोपसुद्धा केलेला नाही." काका म्हणाले, माझा अर्ज लिहा. वकिलांनी लिहिला, पण मजकूर तीन वेळा वाचून दाखवून मगच त्यांची सही घेतली, कारण उद्या हा माणूस शुद्धीवर येऊन नाही म्हणेल असं त्यांना वाटत होतं.

कोर्टात मावशी गेली होती. दामूमामा नको म्हणत होते तरी गेली. काका गणवेश घालून उभे राहिले. कोर्टानं विचारलं, मारलं म्हणजे काय केलं? काकांनी सांगितलं. कुठली बोटं, कशानं, किती वेळ. कुठेही आवाज चढला नाही की उतरला नाही. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. कोपऱ्यात पोलिसांच्या मध्ये एक वाळलेला, केस पिकलेला माणूस उभा होता. मावशीनं शेजारच्या बाईला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, हाच हनुमय्या. तो पस्तिशीचाही नव्हता.

हनुमय्या सुटला. काकांची नोकरी गेली आणि त्यांना एक वर्षाची सजा झाली. ज्या साहेबांच्या घाईमुळे हे घडलं, त्यांनी हात वर केले आणि ते सुटले. दामूमामांनी मावशीला माहेरी नेलं. मामांच्या घरी कुणी काकांचं नाव घेत नसे, वारल्यासारखं. मावशी चार महिने राहिली. मग एक दिवस ट्रंक घेऊन आपल्या बंद घरी परत आली, कुलूप उघडलं आणि झाडू हातात घेतला. मामांनी विचारलं, तिथं कोण आहे तुझं? ती म्हणाली, "घर आहे. ते सुटले की कुठं जातील?" सांडगे-पापड करून ती विकायची. सगुणाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मावशीनं त्यांना बाहेरच उभं केलं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही. मावशी सरळ बोलली, "तुमच्यामुळे झालं हे सगळं." सगुणाबाई म्हणाल्या, "होय, असेल." आणि ओट्यावर बसून पापड लाटू लागल्या. उजवं मनगट पुरतं वळत नव्हतं, पण डावा हात चांगला तयार झाला होता त्यांचा.

काका सुटून आले ते बारीक होऊन, मिशा नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मावशीला सांगितलं की तुरुंगात येणाऱ्या पाद्र्याकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे.

मावशी म्हणायची, एवढं सगळं होऊन गेल्यावर आता धक्का बसायला काही उरलं नाही असं मला वाटत होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"नाव काय ठेवलं?"

"नाव तेच. आप्पाजी."

"आणि माझे देव?"

"तुझे देव तुझे. मी काही म्हटलं का?"

ते खरंच कधी काही म्हणाले नाहीत. मावशीच्या देव्हाऱ्यासाठी बाजारातून फुलं तेच आणत. मावशी शेवटपर्यंत देव्हाऱ्यापुढे हात जोडत राहिली आणि ते शेवटपर्यंत रविवारी देवळात जात राहिले, म्हणजे त्यांच्या देवळात.

दुसऱ्या दिवशी काका हनुमय्याकडे गेले. तलावाच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. हे पुढचं सगळ्या गल्लीनं पाहिलं, म्हणून मावशीच्या कानावर आलं. हनुमय्या तुरुंगात असताना त्याची बायको तापानं गेली होती. म्हातारी आई आणि लहान मुलगी नंजम्मा, एवढीच घरात. घोडा विकला गेला होता, गाडी तेवढी अंगणात पडून होती. हनुमय्याची उजव्या हाताची बोटं वाकडी जुळली होती, मुठीत लगाम धरता येत नव्हता.

काका अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "हनुमय्या, मी आलोय."

हनुमय्यानं पाहिलं. खुंटीवरचा चाबूक काढला आणि काकांच्या तोंडावर मारला. काका हलले नाहीत. दुसरा फटका मारताना चाबूक त्याच्या वाकड्या बोटांतून निसटून खाली पडला. काका वाकले, त्यांनी चाबूक उचलला. गल्लीतली माणसं मागे सरकली, कारण हे आप्पाजी दफेदार होते. काकांनी चाबकाची मूठ हनुमय्याच्या हातात परत दिली.

हनुमय्यानं मारलं. चाबूक पुन्हा पडला. काकांनी पुन्हा उचलून दिला.

तिसऱ्यांदा म्हातारी मध्ये आली आणि ओरडली, "साकु, साकु." पुरे म्हणत होती. कुणाला म्हणत होती ते कळलं नाही. हनुमय्या ओट्यावर बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला.

"घोडा मी आणतो," काका म्हणाले, गालावरून रक्त येत होतं. "गाडी मी हाकतो. कमाई तुमची. मला घोडा कळतो."

"माझ्या दारात उभं राहायचं नाही," हनुमय्या म्हणाला.

मारतहळ्ळीला काकांची वडिलार्जित जमीन होती. तेव्हा ते बंगळूरपासून लांबचं खेडं, रागी पिकायची आणि तलावाकाठी बगळे. ती जमीन त्यांनी विकली आणि एक चांगलं तांबडं घोडं घेतलं. मावशीला विकल्यावर सांगितलं. तिनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. पण सोडूनही गेली नाही. मी विचारलं, का नाही गेलीस? ती म्हणाली, "माहीत नाही गं. मला बघायचं होतं, अजून काय करतोय हा माणूस."

काका घोडं घेऊन रोज हनुमय्याच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहू लागले. त्यानं दारात उभं राहायचं नाही म्हटलं होतं, म्हणून तोंडाशी. ऊन असो, पाऊस असो. गल्लीतली माणसं आधी घाबरून दुसऱ्या वाटेनं जायची. मग हसू लागली. मग एका सकाळी म्हातारी घोडं गाडीला जुंपायचा साज ओढत घेऊन आली आणि काकांच्या पायाशी टाकून परत गेली.

पुढं काही दिवसांनी मावशी समाजातल्या दोघी बायकांबरोबर सिटी मार्केटला गेली होती. परत यायला त्यांनी जटका थांबवला. गाडीवाल्यानं मान वळवली आणि त्या दोघी जागच्या जागी थिजल्या. खाकी सदरा, बिल्ले काढल्याच्या खुणा, गालावर चाबकाचा वळ. आप्पाजी दफेदार. ज्याच्या नावानं पोरं झोपायची तो, ज्या माणसाला यानंच तुरुंगात घातलं त्याच्या गाडीवर. एक बाई पदर तोंडाला लावून मागे फिरली, दुसरी तिच्या मागोमाग. मावशी पिशवी घेऊन रस्त्यात उभी राहिली. काका पुढे बघत राहिले. ती गाडीत चढली.

"चढायचं असं ठरवलं नव्हतं मी," ती सांगायची. "पाय वर गेले. सगळ्या रस्त्यानं मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. वीस वर्षं संसार केला, तो माणूस मला ओळखू येईना."

दिवसा ते हनुमय्याचा जटका हाकत, संध्याकाळी मिशनच्या शाळेत राखण करत. ती नोकरी सगुणाबाईंनी मिळवून दिली होती. घर त्यावर आणि मावशीच्या सांडग्यांवर चाले. जटक्याची कमाई ते म्हातारीच्या हातात देत. हनुमय्या त्यांच्याशी बोलत नसे. घोड्याशी बोले. काका घोडं बांधून निघून गेले की तो येऊन त्याला खाजवत बसे.

बासष्ट साली पूर्वेकडच्या खेड्यांत देवीची साथ आली. बेळ्ळंदूर, महादेवपुरा, सगळीकडे. रोग्याला साथीच्या इस्पितळात न्यायला कुणी गाडी देईना. गाडीला रोगी लागला म्हटल्यावर पुन्हा त्यात कोण बसणार? सगुणाबाईंच्या शाळेतल्या एका मुलीचे आईबाप बेळ्ळंदूरला पडले होते. काकांनी हनुमय्याच्या अंगणात जाऊन सांगितलं, कारण गाडी त्याची होती.

"मला देवी काढलेल्या आहेत, मला रोग होणार नाही. पण गाडीला सवारी मिळणार नाही पुढं. तुम्ही नाही म्हणालात तर मी खांद्यावर आणेन."

इतक्या वर्षांत हनुमय्या त्यांच्याशी पहिल्यांदा बोलला. "स्वल्प थांब," म्हणाला. आत गेला, दोन गोणपाटं आणि चुन्याची बादली घेऊन आला. "परत आलास की धुऊन काढू."

त्या साथीत काकांनी किती माणसं आणली कुणी मोजलं नाही. रोग्यांना ते उचलून गाडीत ठेवत, फोडांचं पाणी अंगाला लागे. आणलेल्या माणसांपैकी कितीतरी वाचली नाहीत. मेलेल्यांना उचलायला जिथं घरचे पुढं येत नव्हते, तिथं काका आणि म्हाताऱ्या सगुणाबाई दोघंच असायचे. मावशी लांबून जेवण आणून रस्त्याच्या कडेला ठेवी आणि बघत राही. एकदा तिनं पाहिलं, एका मेलेल्या पोराचं तोंड पुसताना त्याचं डोकं काकांच्या हातातून सारखं कलंडत होतं. ती गेली आणि तिनं पोराचं डोकं धरलं. तिलाही देवी काढलेल्या होत्या. पण ती म्हणाली, त्या क्षणी ते मला आठवलंही नव्हतं.

साथ ओसरल्यावर सहा महिने त्या जटक्याला सवारी मिळाली नाही. हनुमय्यानं एका शब्दानं विचारलं नाही.

चौसष्टच्या सुमाराला काका शाळेच्या फाटकाशी छाती धरून खाली बसले. शिपायानं मावशीला बोलावलं. ती धावत गेली आणि काय करावं ते न कळून रस्त्यात उभी राहिली. तेवढ्यात जटका आला. गाडीवर हनुमय्या होता. बोटांनी लगाम धरता येत नव्हता, म्हणून त्यानं तो दोन्ही हातांना कोपरापर्यंत गुंडाळून घेतला होता. घोडं हिसका देई तसा तो सगळा पुढं ओढला जाई. त्याला कुणी निरोप दिला ते मावशीला कधी कळलं नाही. त्यानं आणि शिपायानं काकांना आत घेतलं आणि तो इस्पितळापर्यंत तसाच गेला. उतरला तेव्हा दोन्ही हात सोलून निघाले होते.

काका वाचले. जड काम बंद झालं. जटका हाकायला हनुमय्यानं भाच्याला ठेवलं, पण तोवर रिक्षा आल्या होत्या आणि जटक्यांचे दिवस भरत आले होते.

काका इस्पितळातून घरी आल्यावर मावशीनं हनुमय्याला विचारलं होतं, "तुम्ही माफ केलं का त्यांना?"

तो म्हणाला, "माझी बायको मी आत असताना गेली, अक्का. तिनं कुणाला हाक मारली असेल, मला माहीत नाही. ते मी कसं माफ करू?" मग म्हणाला, "पण तो शाळेच्या फाटकाशी पडला असं ऐकलं तेव्हा मी चप्पल घालायचं विसरलो."

सहासष्ट साली नंजम्माचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हनुमय्या मावशीच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. दारातूनच म्हणाला, "मुलीला सासरी पाठवताना आईनं तिची ओटी भरायची असते. तिची आई नाही. तुम्ही भरा."

काकांनी कोर्टात कबुली दिली तेव्हा मावशी सुन्न झाली होती, जटक्यावर त्यांना पाहिलं तेव्हाही. पण हे ऐकल्यावर, ती म्हणे, मी नाहीच म्हणणार होते. या मुलीची आई ज्यांच्यामुळे एकटी मेली, त्यांची मी बायको. मी तिची ओटी भरायची?

"हनुमय्या, दुसरं कुणी नाही का?"

"पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "तुम्ही भरा."

मावशी आपली हिरवी म्हैसुरी साडी नेसली. मांडव तलावाकाठी होता. काका आत आले नाहीत. देवाचे, मुहूर्ताचे विधी चालू, आपण ख्रिस्ती, आणि आपण कोण हे सगळ्या मांडवाला माहीत. ते बाहेर चिंचेखाली घोड्याजवळ उभे राहिले. मावशीनं नंजम्माच्या पदरात तांदूळ, खोबरं, गूळ घातला. निम्मे तांदूळ खाली सांडले. नंजम्मानं तिचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या पदराशी नेले.

जेवणाची पंगत बसली. मावशी काकांना बोलवायला उठत होती, तोच तिला हनुमय्या बाहेर जाताना दिसला. चिंचेखाली दोघं उभे होते, काय बोलले ते ऐकू आलं नाही. लगेच दोघं आत आले. काका पंगतीच्या शेवटी खाली बसले. हनुमय्यानं वाढप्याच्या हातातलं भाताचं भांडं घेतलं. बोटांत पळी धरता येईना, म्हणून दोन्ही तळव्यांच्या मध्ये ती दाबून धरली आणि काकांच्या पानावर भात वाढला. सारा मांडव बघत होता.

काकांनी मान खाली घालून, त्यांच्या रीतीप्रमाणे जेवणाआधी मनातल्या मनात प्रार्थना केली. हनुमय्या भांडं घेऊन तिथेच उभा राहिला, त्यांचं होईपर्यंत. मग म्हणाला, "ऊट माडी." जेवा.

काका जेवू लागले.